एअर फ्रायर आणि चोरिसची माळ



शहरात नोकरीस असलेली मुले सुट्टीत घरी येताना हल्ली साडीऐवजी एखादे यंत्र घेऊन येतात. एअर फ्रायर हे त्यांतलेच एक. ‘यात सॉसेज घालायचे, बटण फिरवायचे, पंधरा मिनिटांत जेवण तयार!’ एवढे सांगून मुले परत जातात, आणि दिवेलागणीस शेतावरून आलेल्या गृहिणीने पुढचे सारे आपल्या बुद्धीने जाणावे, अशी अपेक्षा असते. बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीसारख्या गावी तर प्रश्न दोन पडतात. यात घालावयाचे सॉसेज कोणते? आणि ते आतपर्यंत शिजले हे ओळखावे कसे?

प्रथम यंत्राविषयी. नावात ‘फ्रायर’ असले तरी ते काही तळत नाही. वरच्या बाजूस विजेने तापणारी तार असते, तिच्याजवळ पंखा असतो, आणि तो पंखा तापलेली हवा खालच्या जाळीच्या टोपलीतून वेगाने खेळवीत राहतो. लहानशी भट्टी आणि तिला अखंड भाता, असे म्हटले म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. फ्रेड व्हान डेर वेइ या डच गृहस्थांनी त्याची कल्पना काढली आणि फिलिप्स कंपनीने २०१० साली ते बाजारात आणले. सॉसेजमध्ये चरबी मुळातच असते. गरम हवेने ती वितळते व तिच्यातच साल खरपूस होते, म्हणून वरून तेल लागत नाही. येथवर मुलांचे म्हणणे अगदी खरे आहे.

परंतु सॉसेज सगळे एक जातीचे नसते. शहरातील दुकानांत थंड कपाटातून जे मिळते ते मऊ, फिकट आणि ओलसर असते. एअर फ्रायरला हेच मानवते. तथापि ते बर्फावाचून प्रवास सोसत नाही. बसमधून चार-पाच तास उन्हात आलेले पाकीट घरी पोहोचेतो विटू लागलेले असते, आणि असे मांस कितीही भाजले तरी विश्वासाचे होत नाही. आणावयाचेच तर बर्फ भरलेल्या पेटीतून आणावे, आणि घरी शीतकपाट नसल्यास त्याच रात्री संपवावे.

दुसरे सॉसेज गोव्याचे, म्हणजे चोरिस. पोर्तुगीजांचे राज्य गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत होते. त्यांच्या ‘शोरिसो’ला गोव्यातील गृहिणींनी आपल्या हाताची चव दिली. डुकराच्या मांसाचे व चरबीचे तुकडे मीठ, सुक्या लाल मिरच्या, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी आणि माडाच्या सुरेपासून केलेला शिरका यांत मुरवितात, मग आतड्यांत भरून उन्हात व धुरावर सुकवितात. पावसाळ्याच्या बेगमीसाठी हा खटाटोप. दोऱ्याने बांधलेल्या त्या लहान लहान मण्यांना जपमाळेसारखे रूप येते. ही माळ सुकलेली असल्याने बर्फावाचून रेल्वेचा लांबचा प्रवास सोसते. आता विनोद असा की, खैरलांजीस सुखरूप पोहोचणारे सॉसेज हेच, आणि एअर फ्रायरला न मानवणारेही हेच! कोरड्या वाऱ्यात त्याचे साल चामड्यासारखे होते, मिरची करपते, आणि ज्या चरबीत त्याची सारी चव उतरलेली असते ती जाळीखाली गळून जाते.

शिजण्याचा प्रश्न मात्र चवीचा नव्हे. डुकरे मोकळी हिंडतात तेथे त्यांच्या मांसात पट्टकृमीच्या पिशव्या असू शकतात. अर्धेकच्चे मांस खाल्ल्याने हा चपटा जंत माणसाच्या आतड्यात वाढतो. पुढे त्याची अंडी अस्वच्छ हातांवाटे अन्नात व पाण्यात जाऊन घरातील इतरांच्या पोटी जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचल्यास फिट येऊ लागते. मांस न खाणाऱ्या मुलालाही हे होऊ शकते. म्हणून डुकराचे कुटलेले मांस आतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापले पाहिजे, कोंबडीचे ७४ अंश. बाहेरच्या रंगावर जाऊ नये. चोरिसचा रंग तर मिरचीचा असतो, तो कच्चेपणीही लालच. आणि सुकविलेले असले तरी चोरिस कच्चेच असते, हे विसरू नये.

यात विजेचाही हात आहे. सुमारे १५०० वॅटचे यंत्र साडेसहा अँपिअर प्रवाह ओढते, तेव्हा त्यास दिव्याचा लहान खटका चालत नाही, १६ अँपिअरचा मोठाच हवा. शिवाय सायंकाळी विजेचा दाब २३० वरून १८० वर उतरला, की तार अवघी तीन पंचमांश उष्णता देते. पुस्तिकेतील १५ मिनिटे अशा गावासाठी लिहिलेली नसतात. खर्च म्हणाल तर १५ मिनिटांस अर्धे युनिटसुद्धा भरत नाही. तो भार काही जड नाही.

तर ताज्या, मऊ सॉसेजची कृती अशी. गोठलेले असल्यास आदल्या रात्री शीतकपाटातच सैल होऊ द्यावे. यंत्र १८० अंशांवर ३ मिनिटे रिकामे तापवावे. सॉसेज एकमेकांस न चिकटता एका थरात मांडावे. नऊ माणसांच्या घरात दोन खेपा कराव्या लागतील, त्यास इलाज नाही. टोचू नये, नाहीतर रस निघून भुसा होतो. खालच्या खणात दोन चमचे पाणी घातले म्हणजे गळणारी चरबी धुरावत नाही. १२ ते १५ मिनिटे ठेवावे, मध्यंतरी एकदा उलटावे. मग सर्वांत जाड असेल ते मधोमध कापून पाहावे. आत गुलाबी व लिबलिबीत दिसले तर पुन्हा ४ मिनिटे. मांसाचा लहान उष्णतामापक मिळाला तर अधिक उत्तम.

चोरिससाठी मात्र चूलच बरी. पाच माणसांस पाव किलोहून कमी पुरे. साल काढून तुकडे पातेल्यात घालावेत, अर्धा पेला पाणी ओतून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पाणी आटून तांबडी चरबी सुटेपर्यंत वीसेक मिनिटे शिजवावे. त्यातच चार कांदे परतावेत. मीठ घालू नये, ते पुरेसे असते. आणि या वीस मिनिटांत एअर फ्रायर रिकामा का बसावा? त्यात बटाट्याच्या फोडी भाजून घ्याव्यात व शेवटी पातेल्यात मिसळाव्यात. भातात घालावयाचे असेल तर साधा तांदूळ घ्या. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या सुगंधासह. तो सुगंध शिरक्याखाली गाडणे मला तरी रुचत नाही.

जेवण सोपे झाले म्हणून ते रोजचे करू नये. मीठ घालून, सुकवून वा धुरावून टिकविलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली जाहीर केले. रक्तदाब असलेल्यांनी तर बटाट्याच्या फोडीच अधिक घ्याव्यात. उपवासकाळातील शुक्रवारी ही माळ खुंटीवरच राहील, हे सांगावयास नकोच.

पातेल्याच्या तळाशी उरलेली तांबडी चरबी मोरीत ओतू नका. ती वाटीत झाकून थंड जागी ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तीत कांदा व रात्रीचा उरलेला भात चांगला वाफ येईपर्यंत परतला, की शेतावर न्यावयाची शिदोरी होते.