शेंबीवर मीठ टाकू नका

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण वर्गात सांगितली की मुले हसतात. पण म्हण करणाऱ्याने पाहिले ते अगदी बरोबर पाहिले होते. प्राणिशास्त्रात या प्राण्यांच्या वर्गाचे नावच 'उदरपाद' आहे. त्यांतील पाठीवर शंख नसलेली ती शेंबी. मृगाचा पाऊस पडला की अमरावती-अकोल्याकडील परसबागांत ती रात्री निघते, आणि सकाळी मेथीचे नुसते देठ उरतात.

मी शिकवतो भौतिकशास्त्र. तेव्हा शेंबीबद्दल मी लिहावे याचे तुम्हांला नवल वाटेल. त्याचे कारण माझी एक चूक आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारी म्हणाले, "सर, मूठभर मीठ टाका न जी, एकही राहत नाही." मी पावसाळाभर मूठ-मूठ टाकले, दोन किलो तरी संपले. शेंबीच्या अंगाबाहेर मिठाचे तीव्र द्रावण झाले की परासरणाने आतले पाणी ओढले जाते आणि ती मरते. वर्गात बटाट्याच्या चकतीवर दाखवतो तोच प्रयोग वाफ्यात दिसला, म्हणून मी खूश होतो. पोळ्यापर्यंत वांग्याची पाने कडेने करपली. रोपांच्या मुळांनाही तोच नियम लागू आहे, हे मला आधी सुचायला हवे होते.

एवढ्यावर भागत नाही. मिठातील सोडियम काळ्या मातीच्या चिकणकणांना धरून राहतो. पुढे पावसाने मीठ धुऊन गेले तरी तो मागे उरतो, कण सुटे होऊन मातीतली बारीक छिद्रे बुजवतात आणि पाणी वरच साचते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच दुखणे सोसत आहेत. विहिरीला पाणी लागते, पण पिकाला देण्याजोगे नसते. अशा मुलखात राहून घरच्या मातीत आपणच मीठ कालवावे याला मी अडाणीपणा म्हणतो, आणि तो मी एम्.एस्सी. होऊन केला!

"खताचा ढीग केला की शेंबी होते, म्हणून ढीगच नको" असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. मला हे पटत नाही. शेंबी ढिगात येते ती कुजके खायला आणि दिवसा ओलाव्यात लपायला. तिथे ती कुजवण्याच्या कामाला हातभारच लावते. तिची अंडी मात्र तिथे टिकू नयेत. सूक्ष्मजीव कामाला लागले की मोठ्या ढिगाचा गाभा ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्यात अंडी तग धरत नाहीत. मग बादलीभर कचरा का तापत नाही? गणित करा. १ फूट बाजूच्या घनाला दर घनफुटामागे ६ चौरस फूट पृष्ठभाग असतो, ३ फूट बाजूच्या घनाला फक्त २. उष्णता निर्माण होते आकारमानात, निसटते पृष्ठभागातून. म्हणून ढीग ३ फुटांचा करावा आणि कडेचा गार भाग आत जावा यासाठी अधूनमधून उलथावा.

उलथायचा कंटाळा असेल तर आपल्या वऱ्हाडातच पाहा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्याची पद्धत काढली. टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतींतल्या भोकांतून हवा खेळते. काडीकचरा १,४०० किलोच्या आसपास, शेण मात्र जेमतेम १०० किलो, थराथरांत चाळलेली माती, वरून शेणमातीचा लेप. तीन-चार महिन्यांत खत तयार. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर गेली. ('दे'चा 'डे' झाला तो बहुधा इंग्रजी अक्षरांतून फिरून आल्यामुळे.) प्रत्येक शाळेच्या आवारात असे लहानसे टाके असावे आणि विद्यार्थ्यांनी रोज त्यात तापमापी खुपसून आलेख काढावा, असे मला फार वाटते. शिक्षकांनी मनावर घेतले तर खर्च फारसा नाही.

आणि वाफ्यातली शेंबी? संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्याशेजारी पसरा. सकाळी त्याखाली लपलेल्या शेंबी चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने उचलू नका. त्यांच्या अंगात मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे कृमी असू शकतात. रोपांना पाणी सकाळी घाला, म्हणजे रात्री वाफा कोरडा राहील. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची रोपे फस्त केली, तेव्हाही शेतकऱ्यांना गोणपाटाचा हा उपाय सांगितला गेला होता.

माझ्याकडे पहिल्या सकाळी २३ शेंबी मिळाल्या, पंधरा दिवसांनी ४. मेथी यंदा दुसऱ्या वाफ्यात पेरली आहे. मिठाच्या वाफ्यात अजून पाणी साचते.