त्यागाचं कौतुक पुरे

आपल्याकडे एखाद्या बाईला निःस्वार्थी म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही हो तिने!" इथे लंडनमध्येही तेच. हातची नोकरी सोडून नवऱ्याबरोबर आलेली, पदवी बॅगेतच ठेवून दहा वर्षं घर सांभाळणारी. गणपतीत स्टेजवर तिच्या त्यागाचं कौतुक होतं, टाळ्या पडतात. तिला पुन्हा शिकायचंय का, हे कुणी विचारत नाही. मला हे कौतुक खटकतं, आणि ते का खटकतं हे पंडिता रमाबाई वाचताना कळलं.

१८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (धर्मांतरावरून महाराष्ट्रात झालेला वाद इथे उकरत नाही.) त्या काळात त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर्सचं काम पाहिलं. आज फुलहॅम म्हणजे महागडे फ्लॅट आणि फुटबॉल. तेव्हा तिथे समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी आश्रयस्थान होतं. त्याच स्त्रिया पुढे आजाऱ्यांची सेवा करू लागल्या, हे पाहून रमाबाई हलून गेल्या. पुढे त्यांनी ते लिहूनही ठेवलं. म्हणजे मदत घेणारी बाई आयुष्यभर हात पसरून बसली नव्हती, तीच आता कुणाच्या तरी उपयोगी पडत होती.

पण याच सिस्टर्सशी रमाबाईंचे खटकेही उडाले. देवाच्या त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक गोष्टींवर त्यांनी पत्रांतून वाद घातला. सेवेसाठी आयुष्य द्यायला त्या तयार होत्या, सदसद्विवेक दुसऱ्याच्या हवाली करायला नव्हत्या. आपल्या घरांतली गल्लत नेमकी इथेच होते. मुकाट्याने ऐकण्याला आपण निःस्वार्थीपणा म्हणतो.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हा फरक उघड दिसतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका वाचवून आणल्या. पण त्यांना नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत. तिथे मुली लिहा-वाचायला शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आता सांगा, ही बाई झिजली की फुलली? मला तर दोन्ही एकाच वेळी दिसतं.

मी काही धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही, कॉम्प्युटरवाला माणूस. पण ख्रिस्ताने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं ते स्वतःवर करतो तसं. म्हणजे माप स्वतःचंच आहे. ते मापच शून्य करून टाकलं तर शेजाऱ्याच्या वाट्याला तरी काय येणार? ख्रिश्चन जीवनातला त्याग मला रमाबाईंमुळे असा कळतो, आणि तो पटायला ख्रिश्चन असावं लागतं असंही नाही.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी सुचवलंय, यंदा स्टेजवर शाल-श्रीफळ नको. तेवढे पैसे कुणा एकीच्या कोर्सच्या फीला द्यावेत, आणि ती क्लासला जाईल त्या संध्याकाळी तिची मुलं आम्ही पुरुषांनी आळीपाळीने सांभाळावीत. फीला सगळे लगेच "हो" म्हणाले. मुलं सांभाळायच्या यादीत अजून दोनच नावं आहेत.