आधी विचारा, मग फवारा!

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९५३-५४ साली व पुन्हा १९६३ ते ६५ या काळात लष्कराने झिंक कॅडमियम सल्फाइडची बारीक भुकटी हवेत सोडली. जंतुयुद्ध झाले तर विषारी ढग शहरात कसा पसरेल, हे त्यांना मोजायचे होते. लोकांना मात्र सांगितले, शत्रूपासून शहर लपविण्यासाठी धुराचा पडदा करून पाहतो आहोत! प्रूइट-आयगो या ३३ इमारतींच्या सरकारी वसाहतीतही यंत्रे लावली. तेथील रहिवासी बहुतेक काळे व गरीब, घरोघरी लहान मुले.

खरी गोष्ट १९९४ साली उघड झाली. १९९७ साली तज्ज्ञांच्या समितीने निर्वाळा दिला की, एवढ्या मात्रेने अपाय झाल्याचा पुरावा नाही.

हा निर्वाळा आम्ही मान्य करतो. तरीही आम्ही विचारतो, त्या आयाबहिणींना आधी का विचारले नाही? अपाय झाला नाही म्हणून फसवणूक माफ होत नाही.

बंधू-भगिनींनो, वस्तीत फवारणीवाले आले तर औषध कोणते, हे दारातच विचारा. दवाखान्यात सही मागितली तर कागद शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. समजल्यावरच सही करा.