तेलविहिरीपासून घर किती फुटांवर?

दोन हजार फूट म्हणजे सुमारे ६१० मीटर, रमतगमत चालले तरी आठ-दहा मिनिटांची वाट. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तेल किंवा वायूची नवी विहीर राहत्या घरापासून किमान इतकी दूर हवी, असा नियम जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्याआधीची मर्यादा ५०० फुटांची होती. एका झटक्यात अंतर चौपट झाले. हा आकडा नेमका आला कुठून आणि तो माणसाला कशापासून वाचवतो, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेत जमिनीवरच्या तेल-वायू उत्खननाचे नियम बहुतांशी राज्येच करतात. त्यातच २००५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला, म्हणजे पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने खडकात घुसवून तेल-वायू मोकळा करण्याच्या तंत्राला, पेयजल सुरक्षा कायद्यातून जवळपास पूर्ण सूट दिली. त्यामुळे राज्यांवरची जबाबदारी आणखी वाढली. कोलोरॅडोत ती टाळणे शक्यच नव्हते. राज्यातील ८० टक्क्यांहून अधिक तेल डेन्व्हरच्या उत्तरेकडील वेल्ड काउंटीतून निघते आणि डेन्व्हरची उपनगरेही त्याच दिशेने पसरत आहेत. लाँगमाँट शहराच्या मतदारांनी २०१२ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती रद्द केली. राज्याचा अधिकार वरचढ, शहराचा दुय्यम, असा त्या निकालाचा अर्थ होता.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, फायरस्टोन गावातील एका घरात स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला. जवळच्या विहिरीला जोडलेली, वापरात नसलेली पण बंद न केलेली नळी जमिनीखाली तुटलेली होती. तिच्यातून गळलेला वायू मातीतून वाट काढत तळघरात साचला. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, तसा या कच्च्या वायूत नव्हता. धोका कळायला काही मार्गच उरला नाही. विहीर घरापासून १७८ फुटांवर होती.

तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये २,५०० फुटांचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा कोलोरॅडोच्या मतदारांनी तो फेटाळला. या उद्योगावर अनेकांच्या नोकऱ्या आणि शाळांना मिळणारा कर अवलंबून आहे, हे विसरून चालत नाही. मात्र एप्रिल २०१९ मध्ये विधिमंडळाने वेगळी वाट काढली. तेल-वायू आयोगाचे काम तोवर या उद्योगाला चालना देण्याचे होते. नव्या कायद्याने ते नियमनाचे केले आणि आरोग्य व पर्यावरणाचे रक्षण त्याच्या केंद्रस्थानी आणले. शहरांना आणि काउंट्यांनाही जागेबाबत अधिकार मिळाले. कायद्यातला हा बदल फुटांच्या आकड्यापेक्षा मोठा म्हणावा लागेल.

आकड्याला वैज्ञानिक आधार मिळाला तो राज्याच्या आरोग्य विभागाने करून घेतलेल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा. विहिरींच्या परिसरात प्रत्यक्ष मोजलेले उत्सर्जन घेऊन, वारा आणि हवामान बदलले तर ३०० ते २,००० फुटांवरच्या माणसाच्या श्वासात काय जाईल, याचे गणित संगणकावर मांडले गेले. हवामान सर्वांत प्रतिकूल असेल अशा तासांत बेंझीनसारख्या रसायनांचे प्रमाण सुरक्षित पातळीच्या वर जाऊ शकते आणि डोकेदुखी, चक्कर, डोळे व श्वसनमार्गाची जळजळ असे त्रास २,००० फुटांपर्यंत संभवतात, असा निष्कर्ष निघाला. जास्त धोका विहीर तयार होत असतानाचा, विशेषतः खडकात घातलेले पाणी वायूसह उसळून वर येते त्या टप्प्यातला.

हे सारे संभाव्यतेचे गणित होते. कुणा रहिवाशाची तपासणी त्यात नव्हती. उद्योगाने त्यावरच बोट ठेवले. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की, मोजणी २,००० फुटांवर थांबवली होती. धोका तिथे संपतो असे अभ्यास म्हणत नाही. रोगपरिस्थितीचे अभ्यास वेगळे आहेत. ग्रामीण कोलोरॅडोतील सुमारे सव्वा लाख जन्मांच्या २०१४ मधील अभ्यासात, विहिरींची दाटी सर्वाधिक असलेल्या भागात हृदयाचे जन्मजात दोष सुमारे ३० टक्के जास्त आढळले. हा संबंध झाला, कारण सिद्ध झाले नाही. मात्र पूर्ण पुराव्याची वाट पाहायची की सावधगिरी आधी घ्यायची, हे विज्ञान ठरवत नाही. ते सरकारला ठरवावे लागते आणि इथे सरकारने ठरवले.

आता हे अंतर काय करू शकत नाही तेही पाहू. बेंझीन दूर जाता जाता विरळ होते, म्हणून त्याच्यापुरते अंतर उपयोगाचे. ओझोनचे तसे नाही. विहिरी, टाक्या आणि वाहने यांतून निघालेले वायू उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि ओझोन बनतो, तोही पुष्कळदा उगमापासून कित्येक मैल दूर. डेन्व्हर आणि त्याच्या उत्तरेकडील पट्टा ओझोनच्या बाबतीत केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०२२ मध्ये आणखी वरच्या, ‘तीव्र’ श्रेणीत टाकला. दम्याच्या मुलाला उन्हाळी दुपारी घरात थांबवावे लागते, ते विहीर घरापासून किती फुटांवर आहे यावर ठरत नाही. त्यासाठी गळती शोधणे, टाक्यांची झाकणे घट्ट ठेवणे आणि वायू उघड्यावर न सोडणे हेच उपाय आहेत. मिथेन गळतीवर नियम करणारे देशातील पहिले राज्य कोलोरॅडोच होते, २०१४ मध्ये. विहिरींचा एकत्रित परिणाम तपासण्याचे नियम मात्र आयोगाने केले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये.

नियमाला सवलतीही आहेत. टापूतील रहिवाशांनी संमती दिली किंवा तितकेच संरक्षण दुसऱ्या उपायांनी मिळते असे आयोगाला पटले, तर विहीर जवळ खोदता येते. शिवाय नियम नव्या विहिरींचा आहे. आधीच्या जिथे आहेत तिथेच राहतात. फायरस्टोनची विहीर १९९३ ची होती आणि घर २०१५ चे. तिथे विहीर घराजवळ आलेली नव्हती, घर विहिरीजवळ आले होते. जुन्या विहिरीपासून नवे घर किती दूर बांधायचे, याचा निर्णय राज्याने स्थानिक प्रशासनावर सोडला आहे.