बिनव्याजी सावकार

कर्ज मिळवणं किती अवघड असतं, हे बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसून मला चांगलंच कळलंय. अर्ज, जामीनदार, पगारपत्रकं, फोटो. आणि एवढं करून हप्ता चुकला की दंड! मोठ्या कंपन्यांना मात्र सोपा मार्ग सापडलाय. त्या आमच्या मेहुण्याकडून कर्ज काढतात.

मेहुणा घरी बसून जाहिरातींची चित्रं काढतो. चित्र दिलं की बिल देतो. बिल दिलं की फोन करतो. "साहेब टूरवर आहेत." "बिल अकाउंट्सला गेलंय." "फक्त एक सही राहिलीय." ही एक सही दिवाळीपासून राहिली आहे. तेवढ्यात मुलीची फी आली आणि मेहुणा आमच्याच बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन उभा! म्हणजे त्याचे चाळीस हजार कंपनी फुकट वापरणार आणि तो चाळीस हजारांवर आम्हाला व्याज भरणार. बी.कॉम.ला शिकलेल्या कुठल्याच जमाखर्चात हे बसत नाही.

आणि वर लाजतो कोण? मेहुणाच! "सारखं मागितलं तर बरं दिसत नाही हो, भावोजी." अहो, नळवाला वायसर बदलून हात पुढे करतो, तेव्हा आपण त्याला "मार्च एंड आहे, नंतर या" म्हणतो का? मग चित्रकाराचंच पोट उधारीवर चालतं काय?

कायदा मागणाऱ्याच्या बाजूने आहे. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावेच लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने! हे ऐकून आमचे मॅनेजरसुद्धा हळहळले.

मी मेहुण्याला धरून नोंदणी करायला लावली आणि बिलाच्या तळाशी हे सगळं लाल अक्षरांत घालायला लावलं. जुनी सही अजून राहिलीच आहे. पण नव्या बिलाचे पैसे तेराव्या दिवशी आले. टूरवरचे साहेब विमानाने परतले असावेत.

परवा मलाही एक पाकीट आलं. चिरंजीवांच्या मुंजीची पत्रिका मेहुण्यानेच केली होती. घरचं काम म्हणून मी विसरूनच गेलो होतो. तळाशी लाल अक्षरं.

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. मी बायकोला हळूच म्हणालो, "तुझा भाऊ असेल, तर सांग, टूरवर गेलेत."