चाल कुणाची, गाणं कुणाचं?

मैत्रिणींनो, एका भगिनीने मोठ्या काकुळतीने लिहिले आहे. त्यांच्या घरी आजी-नातीचं रोज वाजतं. नात मोबाइलवर जुन्या गाण्याचं रीमिक्स लावते, आजी म्हणतात, "ही निव्वळ चोरी आहे, बंद कर आधी!" आता दोघी एकमेकींशी धड बोलतसुद्धा नाहीत. मधल्या मधे सून सापडते. तिने करावं तरी काय?

आजींचा राग मला समजतो. पण 'चोरी' म्हणण्याआधी घरात एखादं संगीत नाटकाचं जुनं पुस्तक असेल तर ते काढून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापलेलं आढळेल आणि पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी पदाचे सुरुवातीचे शब्द. नाटककार उघड सांगत असे, की बायांनो, शब्द माझे, चाल अमक्याची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. त्यांत कीर्तनातल्या साक्या-दिंड्या आहेत, लावणीची वळणं आहेत, कानडी मुलखातल्या चालीही आहेत. पुढे १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग आणला आणि १९१६ च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी थेट रागदारीतल्या बंदिशींना हात घातला. बैठकीत मोजक्या मंडळींनी ऐकायच्या त्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून माजघरापर्यंत पोचल्या. त्याला कुणी चोरी म्हणालं नाही.

शेजारणीकडून विरजण आणलं म्हणून दही काही तिचं होत नाही. दूध आपलं, राखलेली ऊब आपली. पण विरजण तिच्याकडचं, हे सांगायला कसली आली आहे लाज?

एकाच गाण्याने माणसं कशी जोडली जातात, पाहा. मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली एक ठुमरी तबकडीवर निघाली. तीच ठुमरी १९३५ च्या हिंदी 'देवदास'मध्ये सैगल गायले. मात्र करीम खाँसाहेबांसारखी नव्हे, अगदी आपल्या पद्धतीने, एकट्याशीच गुणगुणल्यासारखी. आणि इकडे गदगच्या एका मुलाने ती तबकडी ऐकली नि त्याला वेडच लागलं. असं गाता आलं पाहिजे म्हणून १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, तो घरातून पळाला. (त्या माउलीचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही!) पुढे तो करीम खाँचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडेच शिकला. हेच आपले पंडित भीमसेन जोशी. एका तबकडीतल्या ठुमरीचे धागे सिनेमापासून थेट अभंगवाणीच्या गायकापर्यंत गेले.

अलीकडचंच म्हणाल, तर 'कट्यार काळजात घुसली'. १९६७ च्या नाटकाला संगीत जितेंद्र अभिषेकींचे. २०१५ साली चित्रपट आला तेव्हा जुनी पदं नव्याने गायली गेली आणि त्यांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे महेश काळे अभिषेकीबुवांचेच शिष्य.

मग आजींचं दुखणं कुठे आहे? माझ्या मते नाव गळण्यात आहे. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातलं लताबाईंचं एक गाणं २००२ साली नव्या रूपात आलं आणि घरोघरी वाजलं. पण राहुलदेव बर्मन आणि मजरूह सुलतानपुरी ही नावं ते ऐकणाऱ्या किती मुलींच्या कानांवर पडली? २०१८ साली लताबाईंनीच रीमिक्सबद्दल आपली नापसंती जाहीरपणे लिहून कळवली होती. आणखी एक. मूळ ध्वनिमुद्रण ठेवून त्यावर नवा ठेका चढवला तर ते रीमिक्स. नव्या गळ्याने पुन्हा गायलं तर ते कव्हर. आपल्याकडे दोन्हींना सरसकट रीमिक्सच म्हणतात.

कायदाही या बाबतीत गप्प नाही, बरं का. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे कव्हर काढणाऱ्याने मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायचं, मानधन आगाऊ भरायचं आणि हे कव्हर आहे असं वेष्टनावर स्पष्ट छापायचं. मालकाशी स्वतंत्र करार केला तर गोष्ट निराळी.

तेव्हा सूनबाई, मोबाइल हिसकावून घेऊ नका. रविवारी दुपारी जेवणं उरकली की नातीलाच सांगा, "हे मूळ कुणाचं, ते शोधून आजीला ऐकव." आधी जुनं लावा, मग नवं. नवं भिकार असेल तर मुलीच्या ते आपोआप ध्यानात येईल. चांगलं असेल तर आजींनीही तसं मोकळ्या मनाने म्हणावं. सुरांच्या बाबतीत वय आड येऊ देऊ नये.

आणि ज्या महिला मंडळांत यंदा मंगळागौरीला सिनेमाच्या चालींवर गाणी बसवायची आहेत, त्यांनी निवेदन करणाऱ्या मैत्रिणीच्या हातात आधीच एक चिठ्ठी द्यावी. मूळ गाणं कोणतं, कवी कोण, संगीतकार कोण, कुणी गायलं, एवढं त्यात असलं की पुरे. आयत्या वेळी, नऊवारी सावरताना, यातलं एकही नाव आठवत नाही!