दुकानं चोवीस तास उघडी, पण कोणाची?

मंडळी, आज थोडं लांबडं लिहितोय. आपल्याकडे कांद्याचा भाव आणि बिबट्या सोडून तिसऱ्या विषयावर लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात, हे मला पक्कं माहीत आहे. तरी पण वाचा. विषय तुमच्या पिशवीचा आहे.

१ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं शासन निर्णय काढला, की दारूची दुकानं, बार वगैरे सोडले तर महाराष्ट्रातली दुकानं आणि आस्थापना चोवीस तास उघडी ठेवता येतील. अट एकच, कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. खरं म्हणजे ही मुभा २०१७ च्या कायद्यानंच दिलेली होती. त्याआधीच्या १९४८ च्या कायद्यात दुकान कधी उघडायचं, कधी बंद करायचं आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, हे सगळं बांधलेलं असायचं. नवा कायदा आला तरी रात्री शटर पाडायला लावायची जुनी सवय सुटत नव्हती, म्हणून सरकारला पुन्हा कागद काढून सांगावं लागलं.

त्यावर शहरातल्या मित्रांचे स्टेटस पाहिले. मुंबई झोपत नाही, पुणे आता जागं राहणार, वगैरे. माझा त्याला विरोध नाही बरं का. रात्रपाळीची नर्स, सिक्युरिटीवाला, पहाटेच्या गाडीचा ड्रायव्हर यांना रात्री दोनला दुधाची पिशवी मिळाली तर चांगलंच आहे. नाशिकला माझ्या साडूकडे गेलो होतो. कोथिंबीर संपली म्हणून पोरानं मोबाईलवर बोट फिरवलं आणि चहा होईपर्यंत जुडी दारात. ज्या जिल्ह्यातून कोथिंबीर मुंबईला जाते, तिथे दहा रुपयांची जुडी आणायला चार पावलं चालायची नाहीत! असो. तो वेगळा विषय.

माझा मुद्दा आपल्या विंचूरचा आहे.

सकाळी सातच्या सुमाराला तीनपाटीवर उभे राहा. पिकअप भरून बाया द्राक्षाच्या बागांना निघालेल्या दिसतील. कोणी लासलगावच्या बाजूला कांद्याच्या खळ्यावर, कोणी एमआयडीसीत. डबा, पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल. ही माणसं गावात परत येतात ती साडेसहा-सातला. म्हणजे जगाची दुकानं उघडायच्या आत ही गेलेली असतात आणि आवराआवर सुरू झाल्यावर येतात.

आता आपला किराणावाला बघा. त्याला कोणत्याही शासन निर्णयानं शिकवलेलं नाही. पण तो सकाळी पिकअप निघायच्या आत फळी उघडतो आणि रात्री नऊला शटर अर्धं खाली ओढून बसतो. 'झालं का बंद?' विचारलं की आतून आवाज येतो, 'या, काय पाहिजे?' दहा रुपयांचं तेल देतो, वहीवर लिहून घेतो. भाव दोन रुपये जास्त लावत असेल, उधारी असलेल्या माणसाला दुसऱ्या दुकानात जायची सोय ठेवत नसेल, ते सगळं खरं. पण गिऱ्हाईक कधी मोकळं असतं हे त्याला ठाऊक आहे, कारण गिऱ्हाईक नाही आलं तर त्याचं पोट चालत नाही.

ज्या दुकानाचं पोट गिऱ्हाईकावर अवलंबून नाही, ते दुकान म्हणजे रेशनचं.

या महिन्यातली गोष्ट. गाव सांगत नाही, दुकान सांगत नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. खळ्यावर कांदा निवडायला जाणारी एक ताई. घरात पाच माणसं, प्राधान्य कुटुंबाचं कार्ड. अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य. १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पहिल्या दिवशी ती कामावर न जाता दुकानावर गेली, तर 'माल उद्या येईल'. दुसऱ्यांदा गेली, तर माल होता पण मशीनला रेंज नव्हती. बारापर्यंत बसून राहिली. तिसऱ्या खेपेला धान्य मिळालं, पण अंगठा उमटायला पाऊण तास गेला. कांद्याच्या माना कापून कापून बोटांच्या रेषा झिजलेल्या. आता डोळा लावायची सोय असलेली मशीन आली आहेत, पण तिथं सर्व्हर पाहिजेच ना!

मी म्हटलं, 'ताई, फुकट मिळतंय तरी.' ती म्हणाली, 'भाऊ, फुकट कसलं? तीन खाडे झाले माझे.'

मी घरी येऊन हिशेब मांडला. रोज तीनशे धरा, तीन खाड्यांचे नऊशे. २५ किलो गहू-तांदूळ किराणा दुकानातून साध्या प्रतीचे घेतले, किलोला पस्तीस धरले तरी पावणेनऊशे. म्हणजे त्या बाईनं सरकारचं मोफत धान्य बाजारभावापेक्षा महाग विकत घेतलं. वर दोन दिवस घरात पीठ नव्हतं म्हणून किराण्यातून आणलं ते वेगळं. दिल्लीच्या कागदावर मात्र लाभार्थी, धान्य मोफत, अंगठा उमटला, व्यवहार पूर्ण.

याच्यावर आपल्याकडे ठरलेली तीन उत्तरं येतात.

पहिलं, 'फुकटात पाहिजे तर रांग लावायला काय जातं?' असं म्हणणाऱ्यांना एप्रिल २०२१ आठवण करून देतो. 'ब्रेक द चेन'मध्ये किराणा दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी ठेवली होती. चार तास! तेव्हा ह्याच गावात केवढा आरडाओरडा झाला होता. अकराला पाच कमी असताना साखरेसाठी पळणारी मोठी मोठी माणसं मी पाहिली आहेत. ती वेळ आपल्याला महिना-सव्वा महिना सोसावी लागली, तीसुद्धा महामारीत, आणि वेळ निदान जाहीर तरी होती. रेशनकार्डवाल्याला महामारी नसतानाही वेळ कळत नाही.

दुसरं, 'घरातलं दुसरं कोणी जात नाही का?' कार्डावर नाव असलेलं कोणीही अंगठा देऊ शकतं, बरोबर. पण सीझनला ज्या घरातलं एक माणूस रिकामं असतं, ते घर तेवढं अडलेलं नसतं. उरते म्हातारी. तिचा अंगठा तर आणखीनच उमटत नाही. आणि पंचवीस किलोचं ओझं तिच्या डोक्यावर द्यायचं का, हे विचारणाऱ्यानं स्वतःच्या आईकडे बघून सांगावं.

तिसरं, 'लोक रेशनचा तांदूळ विकतात.' विकत असतील काही. त्यासाठी जिला खायला पाहिजे तिला तीन चकरा मारायला लावायच्या, हा कुठला न्याय?

आता दुकानदाराची बाजू. तीही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो. रेशन दुकानदाराला क्विंटलमागे १५० रुपये मार्जिन होतं, गेल्या वर्षी राज्य सरकारनं ते १७० केलं. महिन्याला शंभर क्विंटल धान्य वाटणाऱ्याच्या हातात सतरा हजार येणार. त्यात दुकानभाडं, लाइटबिल, मापाला ठेवलेला पोरगा आणि घट. नियमानं सकाळी ४ तास आणि सायंकाळी ४ तास दुकान उघडं पाहिजे. पण माल महिन्यातून एकदा येणार, तो पाच-सात दिवसांत संपणार, मग उरलेले दिवस रिकाम्या दुकानात बसून तो काय करील? म्हणून बिचारा दुसरा धंदा करतो. त्याला पूर्णवेळ माणूस धरून नियम लिहिलेत आणि अर्धवेळाचे पैसे दिलेत. त्यामुळे तो नियम भिंतीवर लावायच्या कामाचा राहिला आहे.

म्हणूनच मी चोवीस तास मागत नाही. आठ तासही मागत नाही. माल आला की पुढचे सात दिवस सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, एवढंच मागतो. बाकी दुपारी त्यानं खुशाल कुलूप लावावं आणि आपला दुसरा धंदा बघावा. गिऱ्हाईक दुपारी गावात नसतंच. आठवडे बाजाराच्या दिवशी मात्र दिवसभर. गाडी कोणत्या दिवशी येणार ते गोदामाला आधी माहीत असतं, मग ते ग्रामपंचायतीच्या व्हाट्सअॅप ग्रुपवर आदल्या दिवशी टाकायला कोणता निधी लागतो? ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी घंटागाडीच्या भोंग्यावर सांगा. घंटागाडी रोज फिरते, गाणं लावते, मध्ये एक वाक्य बोलली तर बिघडणार नाही. आणि मशीन एक तास बंद पडलं तर वहीवर नोंद करून रांगेतल्यांना चिठ्ठी द्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिठ्ठीवाल्यांना आधी. एवढी साधी गोष्ट दवाखान्यात जमते, रेशनला का जमू नये?

हो, एक राहिलं. सुरगाणा-पेठकडून जी कुटुंबं द्राक्षाच्या कामाला आपल्याकडे येऊन राहतात, त्यांना कायद्यानं इथल्या दुकानातून त्यांच्या कार्डावर धान्य घेता येतं. 'एक देश एक रेशनकार्ड' म्हणतात ते हेच. प्रत्यक्षात ऐकू येतं की, 'माझ्या कार्डांपुरताच माल आलाय, शेवटी उरला तर देतो.' शेवट म्हणजे कधी? ती माणसं बागेतल्या झोपडीत राहतात, त्यांना गावातला शेवट कोण कळवणार? मग ते रात्री किराण्यातून किलो-किलोनं तांदूळ नेतात. किलोनं घेणाऱ्याला नेहमीच महाग पडतं, हे आपण सगळे जाणतो.

आणि हे सगळं आपण कुठे बसून बोलतोय? येवला मतदारसंघात. राज्याचं अन्न व नागरी पुरवठा खातं आपल्याच आमदारांकडे, छगन भुजबळांकडे आहे. गावोगावचे लोक मंत्रालयात खेटे घालतात, आपल्याकडे मंत्री लग्नाला येतात. त्यांच्यासमोर आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो, हायमास्ट मागतो. हायमास्टच्या उजेडात कामावरून परतणाऱ्या बाईला रेशन दुकान उघडं दिसावं, असं मागणारा एकही कार्यकर्ता मी अजून पाहिलेला नाही. (पाहिला असेल तर सांगा, बातमी करतो. फोटोसकट.)

कायद्यात दक्षता समिती आहे, सामाजिक अंकेक्षण आहे, तक्रारीला १९६७ नंबर आहे. समितीवर कोण कोण आहेत हे तुमच्यातल्या किती जणांना सांगता येईल? मी स्वतः वीस वर्षं बातमीदारी करतो, मलाही सगळी नावं सांगता आली नसती. ती माझी चूक, कबूल. नावं काढलीत, पुढच्या पोस्टला टाकतो.

येत्या ग्रामसभेत वेळा बदलण्याचा लेखी अर्ज मी देणार आहे. त्यात वरच्या चार मागण्या आहेत: माल आल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळची वेळ, आदल्या दिवशी सूचना, मशीन बंद पडलं तर चिठ्ठी, बाहेरून आलेल्या कार्डांसाठी राखीव माल. एक प्रत निफाडला तहसीलदारांकडे जाईल, एक मंत्री महोदयांच्या संपर्क कार्यालयात. दुकानदार बांधवांनाही सही करायची असेल तर त्यांच्यासाठी मार्जिन वाढवायचं पाचवं कलम घालायला मी तयार आहे.

सह्यांचा कागद घेऊन शनिवार-रविवार तीनपाटीवर बसतो. वेळ संध्याकाळी सात ते साडेनऊ. त्याच्याआधी येऊ नका, ज्यांच्या सह्या पाहिजेत ते तोवर गावात आलेले नसतात.